पंख्याखाली उघडलेली बाटली

प्रयोगशाळेत तिला सगळे बाटलीबाई म्हणत. पाणी कुठे वळतं, कुठे गिरकी घेतं हे दिसावं म्हणून टाकीत जे चमकणारे कण सोडतात, ते सांभाळणं तिचं काम. पिठाहून बारीक भुकटी ती! उजेड लागला की चमक उतरते, ओल लागली की गुठळ्या होतात. म्हणून काळ्या बाटल्या आणि बंद कपाट. कपाटाचं दार कुणी उघडं टाकलं, की बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू. नियमही तिचेच: आधी पंखा बंद करायचा, मगच बाटली उघडायची, आणि घरी जाताना अंधारात जांभळ्या टॉर्चने अंग तपासायचं; कण राहिले असतील तर त्या उजेडात लकाकतात.

त्या दिवशी मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. लेकीने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून बाईंनी अबोला धरला होता, ती लग्नालाही गेली नव्हती. आता नातू झाला होता आणि लेकीनेच फोन केला होता, "ये बाळाला बघायला." त्या आनंदात पंखा चालू असतानाच बाईंनी बाटली उघडली. भुर्रकन भुकटी उडाली ती थेट अंगावर. अति घाई संकटात नेई, दुसरं काय!

संध्याकाळी लेकीने दार उघडून बाळ पुढे केलं, तर बाई मागे सरली.

"नको, मी लांबूनच बघते."

लेकीचा चेहरा पडला. "अजून राग गेला नाही ना? मग आलीस कशाला?"

"राग कसला गं! अंगावर भुकटी उडालीय. न्हाले, कपडे बदलले, पण मानेमागचं मला दिसत नाही. तान्ह्याच्या नाकात गेली म्हणजे?" बाईंनी पिशवीतून टॉर्च काढून दाखवला.

लेकीने बाळाला पाळण्यात ठेवलं, दिवा मालवला आणि आईच्या मानेवर टॉर्च मारला. कानामागे नारिंगी ठिपके लकाकत होते. ओल्या फडक्याने ती पुसत राहिली. "हलू नकोस बघू." किती दिवसांनी लेकीचा हात लागत होता! बाईंनी मान आणखी खाली घातली.

"झालं," म्हणत लेकीने टॉर्च पाळण्याकडे वळवला आणि ती ओरडलीच, "आई, हा तर अख्खा चमकतोय!"

"अगं वेडे, निळसर आहे ना ते? ती साबणाची चमक, धुतलेल्या कपड्यांची. आमचे कण नारिंगी."

दोघी खो खो हसल्या. लेकीने दिवा लावला, बाळाला उचललं. "घे आता."

बाईंचे हात काही पुढे होईनात. "तुझ्या लग्नाला यायला हवं होतं मी," ती म्हणाली.

"हो, हवं होतंस," लेक म्हणाली, आणि तिने बाळ आईच्या हातात दिलं.