बाबांचे कान आणि माझी नवी गाडी

दोस्तहो, दुपारपासून जिवाला चैन पडंना, म्हणून लिहून राह्यलो.

नवी इलेक्ट्रिक गाडी काल घरी आली. आज राजूरच्या गणपतीला पूजा करून मी अन् मेहुणा परत येत होतो. त्याला कार रेसचं भारी वेड. रस्ताभर तेच चालू होतं. म्हणे, "दाजी, रेसवाले वळणातून निघताना गाडी कशी दाबतात, तशी दाबा एकदा."

दाबली.

पुढं एक म्हातारे बाबा रस्ता ओलांडत होते. ब्रेक लागला, मधे वीतभर अंतर राहिलं.

बाबा चिडले न्हाईत. काचेजवळ येऊन म्हणाले, "चुकलं बापू. आवाजच न्हाई आला मला. कान गेले आता."

त्यांचे कान बराबर होते. माझ्या गाडीलाच आवाज न्हाई. मी मात्र नुसती मान हलवली अन् निघालो.

आता बाबा घरी कान गेल्याचं सांगत असतील. परत जाऊ का?