बारा मिनिटं चालणारी गाडी

हाताखालून गेलेल्या कामांतली निम्मी तरी मी घाईत उरकली आहेत, आणि त्यापायी कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. एकच काम जीव ओतून केलं, आणि त्या कामानं एका बाईचा जीव जवळजवळ घेतला होता.

चौक गावात जुन्या हायवेवर माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. पितरांचा पंधरवडा लागला की आमच्या लाइनीत शुकशुकाट होतो. नवीन सामान कुणी बसवत नाही. जो तो ‘दसऱ्याला बघू’ म्हणतो. आम्ही बौद्ध, आमच्या घरी हे पाळत नाहीत. त्यामुळे त्या दिवसांत अडलेली कामं माझ्याकडे येतात, आणि शेजारच्या गॅरेजवाल्यांना चिडवायची आयती सोय होते.

असल्याच एका पंधरवड्यात पोशीरहून एक बाई आली. तिचा नवरा तिथल्या एका फार्महाउसची राखण करायचा. मालक कायमचा परदेशी गेला तेव्हा आपली जुनी, दोन सीटांची जपानी स्पोर्ट्स गाडी त्याला देऊन गेला. तिचे बल्ब आणि फ्यूज तो माझ्याकडून न्यायचा. त्या उन्हाळ्यात तो हार्ट अटॅकनं गेला होता.

“भाऊ, गाडी बारा मिंटांत बंद पडते,” ती म्हणाली. “जरा जास्त चालू रायली पायजे.”

“कुठं जायचंय वहिनी?”

“कुटं नाय. दुपारची मी नुसती तिच्यात बसते. ते येतात. आन् बोलायला लागले की गाडी बंद.”

मी मान हलवली आणि मनात म्हटलं, दुःखात माणूस काहीही बोलतं. आपण वायरिंग बघावं. ही माझी जुनी खोड आहे. माणूस बोलायला लागला की माझे डोळे वायरीकडे जातात.

गाडी फार्महाउसच्या मागच्या शेडमध्ये होती. तीन बाजूंनी भिंत, समोर लोखंडी शटर. बॉनेट उघडलं, चार प्लग दिसले, मी चार सिलिंडर आहेत असं धरून वायरी तपासल्या आणि पहिला दिवस वाया घालवला. त्या इंजिनात सिलिंडर नसतातच. दोन घरं, प्रत्येकात एक तिकोनी लोखंड गरागरा फिरतं. एकेका घराला दोन प्लग; खालचा आधी ठिणगी टाकतो, वरचा किंचित मागून. दुखणं मात्र साधं होतं. ठिणगी देणारी जुनी कॉइल तापली की मरायची, गार झाली की जिवंत व्हायची. म्हणून बारा मिनिटं.

मुंबईहून सामान मागवलं. सगळ्या प्लगना ठिणगी वाटणारा जुना डिस्ट्रिब्यूटर काढून टाकला, प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल दिली, सगळ्यांवर हुकूम चालवणारा छोटा कॉम्प्युटर बसवला. दोन दिवस मी जेवायचं विसरलो.

तिसऱ्या दुपारी पावसाची सर आली. पाणी आत यायला लागलं म्हणून वहिनीनं शटर खाली ओढलं आणि ती घरात गेली. मी डाव्या सीटवर लॅपटॉप घेऊन बसलो आणि हात लांब करून चावी फिरवली. इंजिन लागलं. बारा मिनिटं झाली, पंधरा, वीस. आवाजात खोट नाही. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की डोळे मिटले.

तेव्हा उजवीकडे कुणीतरी घसा खाकरला.

मी डोळे उघडले नाहीत. का ते आजही सांगता येत नाही. सीटचं रेक्झिन करकरलं, माणूस बूड सावरून बसतो तसं. मग इंजिनचा आवाज हलकेच चढला आणि उतरला. मी रेस दिली नव्हती. माझा पाय डाव्या बाजूला होता. “बरी चालते,” असं कुणीतरी म्हणालं, की मीच म्हणालो, कोण जाणे. डोळे उघडले तर ड्रायव्हरची सीट रिकामी. मी चावी बंद केली, शटर वर केलं, आणि वहिनीला ‘झालं’ एवढंच सांगून स्कूटर काढली.

नेरळच्या पुढे पोटातलं सगळं रस्त्याकडेला ओकलो. डोकं ठणकत होतं. भुताखेतांवर हसणारा मी, मला स्वतःची लाज वाटत होती. ओल्या वाऱ्यात जरा वेळ उभा राहिलो, तसा ठणका उतरू लागला, आणि मग एकदम लक्षात आलं. धूर. हे इंजिन पेट्रोलबरोबर ऑइलही जाळतं, आणि शटर बंद. भूत नव्हतं, विषारी वायू डोक्यात गेला होता. ती बाई उन्हाळ्यापासून रोज त्यात बसत होती, आणि त्या मरतुकड्या कॉइलनं तिला रोज बारा मिनिटांवर बाहेर काढलं होतं. ती कॉइल मी बदलली होती.

वहिनीला फोन लावला. रिंग वाजत राहिली. स्कूटर उलटी वळवली.

शेडजवळ पोहोचलो तेव्हा शटर खाली होतं आणि आतून माझं काम ऐकू येत होतं. एकसारखं, गोड. त्या आवाजाची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. शटर उचललं. वहिनी डाव्या सीटवर होती, मान उजवीकडे वळलेली, ओठांवर हसू. चेहऱ्याचा रंग उडाला नव्हता, उलट चढला होता, लग्नातल्या नवरीसारखा. मी तिला ओढून पावसात आणलं. रस्त्यावरचा एक टेंपो थांबवून कर्जतच्या दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लागला.

संध्याकाळी ती शुद्धीवर आली आणि मी तिच्यावर ओरडलो. धूर म्हणजे काय, तो डोक्यात कसा चढतो, जे दिसतं ते खरं कसं नसतं, सगळं सांगितलं. भीती गेली की मला राग येतो.

तिनं मास्क बाजूला केला.

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. “त्यांनीच सांगितलं व्हतं, शटर लावून गाडी चालू करू नको म्हनून. मराया नाय बसत मी, भाऊ. धुरात तरी येतात. उघड्यावर येत नायत.”

तुमच्या शेजारीही ते बसले होते का, असं तिनं विचारलं नाही, पण ती माझ्याकडे बघत होती, आणि मी तिची नजर चुकवली.

दुसऱ्या दिवशी तिच्या भावाला बोलावून सगळं सांगितलं. आम्ही दोघांनी मिळून शटर उपटलं आणि त्याच्या टेंपोत टाकलं. ती उंबऱ्यावर उभी राहून बघत होती. अडवलं नाही.

महिन्याभरानं मी पोशीरला गेलो. दुपारची वेळ होती. उघड्या शेडमध्ये गाडी चालू होती, वहिनी डाव्या सीटवर होती. मला बघून तिनं काच खाली केली.

“तास झाला,” ती म्हणाली. “बंदच पडत नाय आता.”

मग हात लांब करून तिनं स्वतःच चावी फिरवून गाडी बंद केली.