राखाडी बुटाचा गुलाबी तळ

"चार वर्षं शिकलीस, आणि आता बूट रंगवतेस?" आई विचारायची.

"रंगवत नाही गं, रंग ठरवते."

"मग एक राखाडी ठरवायला तीन आठवडे?"

लेक बुटांच्या कंपनीत रंगांची डिझायनर होती. दोन वर्षं दुसऱ्यांच्या बुटांसाठी नाड्यांचे रंग निवडल्यावर एक अख्खा बूट तिच्या वाट्याला आला होता. वर चामडं, खाली रबराचा तळ, दोन्ही एकाच राखाडीत. शुक्रवारी मोठ्या बाई नव्या हंगामाचे बूट निवडणार होत्या. रंग जुळले तर बूट बाजारात, नाहीतर ही परत नाड्यांवर.

हवा तो राखाडी तिने कापडाच्या एका तुकड्यावर पक्का केला होता. अर्धा तुकडा कारखान्यात रबरमास्तरांकडे, अर्धा स्वतःकडे. चामडं रंगवणारे दादा शेजारच्याच खोलीत बसत, म्हणून ते तिच्याकडचा अर्धा बघून रंग काढत. त्यांचं चामडं इतकं तंतोतंत जुळलं, की दादांचं कौतुक करताना तिचं तोंड दुखलं.

मास्तरांचा तळ मात्र दर वेळी गुलाबी! पाच नमुने तिने परत पाठवले. गुरुवारी सकाळी सहावा घेऊन मास्तर स्वतःच हजर झाले.

"मास्तर, हाही गुलाबीच."

"ताई, तीस वर्षं रबर रंगवतोय. गुलाबी माझ्या नातीचा फ्रॉक आहे. हा राखाडी आहे."

"मग तुकड्याशी लावून बघा ना!"

"लावूनच आणलाय." मास्तरांनी खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून काळा कागद, कागदातून तुकडा. तिनेही आपला तुकडा त्याच्या शेजारी ठेवला.

एकाच कापडाचे दोन सख्खे भाऊ एकमेकांना ओळख देईनात. मास्तरांचा चांगला उबदार राखाडी. तिचा हिरवट, आठवडाभर पोट बिघडलेल्या माणसासारखा.

"तुम्ही कुठे ठेवता हो तुमचा?" मास्तरांनी फार मऊ आवाजात विचारलं.

तिने खिडकीकडे पाहिलं. येता-जाता दिसावा म्हणून लाडका तुकडा तिने काचेलाच चिकटवला होता. रोजच्या उन्हाने त्यातला लाल तेवढा हळूहळू खाल्ला होता, आणि रोज बघणाऱ्या डोळ्यांना त्याचा पत्ता नव्हता. नमुने उजेडात ठेवू नयेत, हे नव्या लोकांना शिकवायचं काम तिच्याचकडे होतं.

"तुमचा तळ बरोबर आहे," ती कशीबशी म्हणाली. "सगळेच नमुने बरोबर होते."

"सगळे कुठले? एकच होता. दर वेळी नवी चिठ्ठी लावून पाठवायचो. चौथ्यात थोडी सुधारणा आहे, असं तुम्हीच लिहून कळवलंत."

"मास्तर, मला आता जमिनीत गाडा."

"उद्यानंतर. आधी शेजारी जा."

ती दोन्ही तुकडे घेऊन दादांसमोर उभी राहिली. सगळं ऐकून दादांनी आधी तिच्याकडे, मग स्वतःच्या तंतोतंत चामड्याकडे पाहिलं. "म्हणजे तीन आठवडे तुम्ही माझ्या चुकीचं कौतुक करत होतात?"

"चूक माझी होती, दादा. कौतुक खरं होतं."

दादांनी काढलेला अ‍ॅप्रन पुन्हा बांधला. संध्याकाळपर्यंत नवं चामडं तयार झालं.

शुक्रवारी मोठ्या बाईंनी बूट दिव्याखाली धरला, उन्हात धरला, उलटा केला. "छान. घेऊ या हा. आता मूळ तुकडा जपून ठेवायला कुणाकडे–"

"मास्तरांकडे!" प्रश्न पुरा व्हायच्या आत ती म्हणाली.