पहिल्या नंबरचं हॉस्पिटल

हॉस्पिटलच्या कागदावर ते ‘रुग्ण समन्वयक’ होते, पण नर्सपासून लिफ्टमनपर्यंत सगळे त्यांना गोडमामा म्हणत. पेशंट हाताबाहेर जातोय असं दिसलं, की मामा नातेवाइकांना कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसवत, पाणी देत आणि खालच्या पट्टीत म्हणत, “आता घरच्या माणसांत ठेवलेलं बरं. नाहीतर पुलापलीकडे सरकारी हॉस्पिटल आहेच.” नातेवाईक डोळे पुसत, वर आभार मानून पेशंटला घेऊन जात. फाइलवर शेरा पडे: ‘प्रकृती स्थिर, घरी सोडले.’

त्यामुळे त्या हॉस्पिटलात सहसा कुणी मरतच नसे. आरोग्य खातं दरवर्षी मृत्यूच्या प्रमाणावरून हॉस्पिटलांची क्रमवारी लावी, त्यात यांचा नंबर पहिला. पुलापलीकडचं सरकारी हॉस्पिटल अगदी तळाला, कारण सगळ्यांनी हात वर केलेले पेशंट तिथंच येऊन पडत. संचालक डॉक्टरांनी मानाची ढाल लॉबीत लावून तिच्यावर खास दिवा सोडला होता. आयसीयूतला दिवा मात्र महिनाभर लुकलुकत होता.

एका दुपारी मामांच्या सासूबाई स्वयंपाकघरात कोसळल्या. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला. टॅक्सीत बसल्यावर मामांनी ड्रायव्हरला पुलाकडे वळायला सांगितलं.

“अहो, तिकडे कुठे? तुमच्या हॉस्पिटलात चला ना!” बायको ओरडली. “तिकडे माणसं मरतात!”

“मरेपर्यंत ठेवून घेतात, म्हणून मरतात,” मामा म्हणाले. इतकं सरळ वाक्य बायकोनं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

सासूबाईंना व्हरांड्यात खाट मिळाली. “वाटेत काय उभे राहताय? सरका!” म्हणत एक डॉक्टरीणबाई मामांवर खेकसली आणि कामाला लागली. मामांना त्या खेकसण्यानंच धीर आला. तेवढ्यात शेजारच्या खाटेजवळून एक तरुण उठला आणि त्यानं हात जोडले.

“ओळखलंत ना? बाबांना इथं न्या म्हणालात, बरं झालं. कालच शुद्धीवर आले.”

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासूबाई वाचल्या. हात जरा अधू राहिला, पण जिभेला काही धक्का लागला नाही. बातमी संचालकांच्या कानावर गेलीच. त्यांनी मामांना केबिनमध्ये बोलावलं.

“घरचं माणूस तिकडे? आपल्याकडे का नाही आणलंत?”

“आपला आकडा बिघडला असता, सर.”

संचालक गहिवरले. “याला म्हणतात निष्ठा!” त्यांनी तिथल्या तिथे मामांची बढती लिहून टाकली.

तेव्हापासून मामा सोफ्यापर्यंत थांबत नाहीत. गेटवरच गाडीत डोकावतात. पेशंट गंभीर दिसला, की हळूच सांगतात, “उतरवूच नका. सरळ पुलापलीकडे न्या, वेळ घालवू नका.” आयसीयूतल्या खाटा रिकाम्या पडल्या, मृत्यूचं प्रमाण आणखी घसरलं.

“अहो, एक दिवस नोकरी जाईल तुमची,” बायको म्हणाली.

“जाईल कशी?” मामा बूट घालत म्हणाले. “साहेब खूश आहेत.”