चार रिकाम्या सीटा

टूर कंपनीच्या पत्रकावर छापलेलं होतं, 'शहराच्या धकाधकीतून सुटका! समुद्रकाठी एक निवांत दिवस.' ज्यानं हे लिहिलं तो या सहलीला एकदाही आलेला नाही, हे ताई पैज लावून सांगायची. पंचेचाळीस सीटांची बस, एक दीपगृह, एक पडका धक्का, दोन तास वाळू आणि येता-जाता एकेकदा स्वच्छतागृह. यात निवांतपणा नेमका कुठे कोंबायचा, हे तिला एकोणीस वर्षांत कळलेलं नव्हतं. तरी दर सहलीला ती माइक हातात घेऊन म्हणायची, "मंडळी, आज घड्याळ विसरा." आणि लगेच पुढच्या वाक्यात, "दीपगृहापाशी बरोबर पंचवीस मिनिटं."

ताई म्हणजे सहलीची गाइड. वय चौपन्न, पायात सपाट बूट, गळ्यात ओळखपत्र. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे प्रवासीसुद्धा बसमध्ये पाऊल ठेवलं की तिला ताई म्हणू लागत आणि मग हक्कानं सगळं मागत: पाणी, पिशवी, खिडकीजवळची जागा, पोटदुखीची गोळी. ड्रायव्हरही ताईच म्हणायचा. फक्त बिनसलं की मॅडम म्हणायचा. लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलं तर ती सांगायची, "आठवड्यातून चार दिवस चाळीस माणसांचा संसार करते, अजून किती करू?" लोक हसायचे. तीही हसायची, कारण हसण्याचाही पगार होता.

माणसं मोजायची तिची एक पद्धत होती. नोकरीला लागली तेव्हा एका जुन्या गाइडनं ती शिकवली होती. माणसं कधीच मोजायची नाहीत. माणसं हलतात, वाकतात, बुटाची नाडी बांधायला सीटमागे गडप होतात, मुलं दोनदा मोजली जातात. मोजायच्या त्या रिकाम्या सीटा. त्या जागच्या हलत नाहीत. यादीत एक्केचाळीस नावं असली तर चार सीटा रिकाम्या दिसल्या पाहिजेत. चार दिसल्या की दार लावायचं आणि म्हणायचं, "चला." या हिशेबात एकोणीस वर्षांत एकही माणूस मागे राहिला नव्हता, आणि या एकाच गोष्टीचा तिला मनापासून अभिमान होता.

त्या रविवारी यादीत एक्केचाळीसच नावं होती. आणि यादीत नसलेले एक जण होते, ते म्हणजे तिचे बाबा.

बाबा शिंपी होते. पन्नास वर्षं त्यांनी गावाचे खांदे मोजले, आणि मग एका सकाळी त्यांचा उजवा हातपाय लुळा पडला. हात बराचसा सुधारला, पाय अर्धामुर्धा. दुकान बंद झालं आणि ते ताईच्या दोन खोल्यांत राहायला आले, त्याला तीन वर्षं झाली होती. बाबा त्रासदायक होते असं कुणी म्हणणार नाही. पण न्हाणीघराच्या दाराशी उभं राहायचं, गोळ्या द्यायच्या, रात्री दोनदा उठायचं, पहाटे सहलीला पळायचं आणि दिवसभर जीव शेजारणीच्या फोनकडे लावून बसायचं. यानं माणूस पिळून निघतो. ताई पिळून निघाली होती. बसच्या पायऱ्या चढताना हल्ली ती दांडा धरायची आणि ते कुणाला दिसलं नाही ना, हे बघायची.

त्या रविवारी शेजारीण बाहेरगावी गेलेली, म्हणून बाबांना बरोबर घेणं भाग पडलं. दाराजवळ पुढच्या बाजूला गाइडसाठी दोन सीटांचा बाक असतो, तो पंचेचाळिसात धरत नाहीत. त्यातल्या एका सीटवर ताईची बॅग असायची. आज तिथे बाबा बसले.

पण एवढंच कारण नव्हतं. धाकट्या भावाचा दोन महिन्यांपासून लकडा चालला होता: बाबांना माझ्याकडे पाठव, माझं घर मोठं आहे, तळमजला आहे, बायको घरीच असते. सगळं खरं होतं. पण ते दुसरं शहर, रात्रभराच्या प्रवासाचं. ज्या बागेतल्या बाकावर बाबांचे चार समवयस्क रोज त्यांची वाट बघत, तो बाक तिथे नव्हता. "मला आता कुठे हलवू नका," असं बाबा एकदा म्हणाले होते. त्यानंतर विषय निघाला नव्हता. आता धाकटा बुधवारी गाडी घेऊन येणार होता आणि बाबांना सांगायचं काम ताईवर येऊन पडलं होतं. "समुद्रावर सांग," त्यानं फोनवरून सुचवलं. "समुद्रावर माणूस शांत असतो." दुरून सल्ला देणाऱ्याला समुद्रही शांतच दिसतो.

सकाळ नेहमीसारखीच गेली. तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी समुद्र कोणत्या बाजूला लागणार, हे चार वेळा विचारून शेवटी जागा बदलली, आणि रस्ता वळल्यावर समुद्र दुसऱ्या बाजूला आला तेव्हा फसवणूक झाल्यासारखा चेहरा केला. एका मुलीला घाटात उलटी झाली. दीपगृहाच्या जिन्यात एक काकू अर्ध्यावर बसून राहिल्या आणि वरच्यांना खाली येता येईना, खालच्यांना वर जाता येईना. या सगळ्यात ताईचा एक डोळा बाबांवर. "बाबा, जपून." "बाबा, पायरी आहे." "बाबा, ओल्यात नको." बाबा काठी टेकत निमूट चालत होते. मधूनच लोकांच्या पाठींकडे बघून शेरे मारत होते. "त्या निळ्या शर्टाची बाही चुकीची जोडलीय. बिचारा आयुष्यभर खांदा उडवत राहील."

दुपारी वाळूवर दोन तासांची सुट्टी होती. प्रवासी पांगले. ताईनं बाबांना सावलीतल्या बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसली, आणि घसा खाकरून म्हणाली, "बाबा, एक बोलायचं होतं."

"बोल की."

"ताई, अहो ताई!" मागून हाक आली. "इथलं नळाचं पाणी पिण्याजोगं आहे का?"

ती उठली. परत आली तेव्हा शब्द जागेवर नव्हते. तासाभरानं तिनं पुन्हा प्रयत्न केला. या वेळी कुणी आलं नाही, तिचीच हिंमत झाली नाही. बाबा समुद्राकडे बघत होते. पायाजवळ फेस येऊन परत जात होता तिकडे त्यांची नजर होती. "पाण्यात पाय घालू का जरा?" त्यांनी विचारलं.

"वेड लागलंय का, बाबा? पडलात तर? मी एकटी काय काय बघू?"

शेवटचं वाक्य जरा जोरात आलं. तिला स्वतःची लाज वाटली, पण माफी मागायलाही अंगात त्राण लागतं, आणि ते तिच्यात उरलं नव्हतं.

साडेचारला बस निघायची. निघताना जो गोंधळ होतो तो झालाच. दोन बहिणींचं खिडकीवरून वाजलं. निळ्या शर्टवाल्याचा चष्मा हरवला, तो त्याच्याच कपाळावर सापडला. कुणाच्या तरी पिशवीतली वाळू कुणाच्या तरी डोक्यावर सांडली. ताईनं सगळं मिटवलं, मागच्या काचेपर्यंत गेली आणि वळून रिकाम्या सीटा मोजल्या. एक, दोन, तीन, चार. पुढे येऊन दार लावलं. "चला."

बस मागे घेत, वळवत ड्रायव्हरनं रस्त्याला लावली. तोवर ताईनं खिडकीशी बसून डोळे मिटलेही होते. मग तिनं बूट काढले आणि पाय शेजारच्या सीटवर लांब केले. कमरेतला काटा हळूहळू निघाल्यासारखा झाला. कुणी हाक मारत नव्हतं. कुणाला काही नको होतं. किती दिवसांनी, किती वर्षांनी असं बरं वाटत होतं, ते तिला आठवेना. पत्रकावर छापलेला तो निवांतपणा म्हणजे हाच असणार, असं तिच्या मनात आलं. अर्धा तास ती तशीच, ना झोपेत ना जागी, सुखात पडून राहिली.

"ताई," ड्रायव्हर म्हणाला, "बाबा मागे जाऊन झोपलेत का?"

तिनं डोळे उघडले. तिचे पाय बाबांच्या सीटवर होते.

ती वेड्यासारखी मागच्या काचेपर्यंत जाऊन आली. सीटा चारच रिकाम्या होत्या. हिशेब चोख होता. बाबांचा फोनही तिच्याच बॅगेत होता, कारण ते कुठेही विसरतात म्हणून तिनंच तो काढून घेतला होता.

ड्रायव्हरनं लगेच वेग कमी केला. पण रस्त्याच्या मधोमध कठडा होता, वळायला जागा मिळेपर्यंत दहा मिनिटं गेली, आणि ती दहा मिनिटं ताईला पुरून उरली. बस वळली तशी कुजबुज सुरू झाली. समुद्र चुकलेले गृहस्थ म्हणाले, "आता हे काय नवीन? आम्हाला आठला पोचायचंय."

ताईनं माइक घेतला. एकोणीस वर्षांत त्या माइकवर तिचा आवाज कधी कापला नव्हता. "एक जण मागे राहिलेत. माफ करा. माझे वडील राहिलेत."

मग दीपगृहाच्या जिन्यात बसलेल्या त्या काकू म्हणाल्या, "अगंबाई! स्वतःचे वडील?" काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ताईला ते इतकं लागलं की ती दाराकडे तोंड करून उभी राहिली, ती थेट किनारा येईपर्यंत. तिला भीती होती पाण्याची, रस्त्याची, बाबांच्या पायाची. आणि या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट होती, जी कुणालाच सांगता येणार नव्हती. ती नुसती विसरली नव्हती. विसरल्यावर तिला सुख वाटलं होतं.

बाबा वाहनतळाच्या बुटक्या भिंतीवर बसले होते. शेजारी चहाचा रिकामा पेला, एका बाजूला बूट, त्यात नीट घडी करून ठेवलेले मोजे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती, आणि तरीही ओली होती.

ताई धावत गेली. आधी रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण तोंडातून आलं ते वेगळंच. "तुम्ही पाण्यात गेला होतात?"

"गेलो होतो." बाबांच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखं काही नव्हतं. "चहावाला बरा माणूस आहे. लांब उभा राहून बघत होता, पण हात धरला नाही."

ती त्यांच्याशेजारी भिंतीवर कोसळल्यासारखी बसली. "कुठे होतात तुम्ही? बस निघाली तेव्हा?"

"स्वच्छतागृहात. बाहेर आलो तर बस वळत होती."

"मग हाक मारायची ना! काठी दाखवायची!"

"काठी वर केली होती." बाबांनी डाव्या हातानं मोजे उचलले, पुन्हा ठेवले. "मग तू खिडकीत दिसलीस. डोळे मिटलेली. तुझा तसा चेहरा मी फार दिवसांत पाहिला नव्हता, म्हणून काठी खाली घेतली. म्हटलं, पडू दे जरा. आठवण झाली की येईलच."

खोटं बोलायची ताकद उरलेली नव्हती म्हणून ती खरं बोलली. "बाबा, मला बरं वाटलं हो. अर्धा तास मला खूप बरं वाटलं. तुम्ही नाही हे माहीत नव्हतं, पण..."

"मलाही," बाबा म्हणाले.

ती त्यांच्याकडे वळली.

"अगं, तीन वर्षांत मी एकटा कुठे उभाच राहिलो नव्हतो. आज पडलोसुद्धा. गुडघाभर पाण्यात, हळूच. आपला आपण उठलो." त्यांनी पँटची ओली घडी पिळली. "धाकटा बुधवारी येतोय ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यानंच. त्याच्या पोटात काही राहतं का? परवा फोनवर म्हणाला, तायडी सांगेल, तुम्ही आश्चर्य वाटल्यासारखं करा. सकाळपासून मी तयारीत बसलोय आणि तू नुसतं तोंड उघडतेस नि मिटतेस."

एरवी ती हसली असती. "तुम्हाला जायचं नसेल तर नका जाऊ," ती घाईघाईनं म्हणाली. "मी त्याला सांगते. काहीतरी करू. मी सहली कमी करते."

"जाईन मी."

"तिथे तुमचा बाक नाही, माणसं नाहीत. तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. पण आत्ता नाही का राहिलो तासभर तुझ्यावाचून?" बाबा तिच्या खांद्याकडे बघत म्हणाले, आयुष्यभर ज्या नजरेनं त्यांनी लोकांचे खांदे पाहिले त्या नजरेनं. "जमतंय की."

गेले दोन महिने ताई हेच ऐकायला आसुसलेली होती. रात्री उशीवर डोकं टेकलं की हीच दोन वाक्यं ती त्यांच्या तोंडी घालून बघायची आणि मग तिला झोप लागायची. आता ती खरोखर कानांवर पडली, बाबांच्या आवाजात, न रुसता, न रागावता. बसमध्ये एक्केचाळीस माणसं खोळंबली होती आणि काचेला नाक लावून बघत होती. ताईनं बाबांचे ओले पाय मांडीवर घेतले, ओढणीनं बोटांच्या बेचक्यांतली वाळू पुसायला लागली, आणि पुसता पुसता तिला कळलं की बुधवार फार जवळ आहे.