सकुबाईची सावड

राघोला सकुबाई माहीत होती, असं म्हणणं तसं खरं नाही. तिचं शेत त्याच्या शेताला लागून होतं, मध्ये एक बांध, आणि त्या बांधावरून दोघं कित्येक वर्षं येत-जात होती. एवढंच. तिचं माहेर डोळखांबकडे कुठल्याशा पाड्यावर होतं म्हणतात. कुठल्या, ते त्याने कधी विचारलं नाही. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. ती त्यावर बोलत नसे आणि राघोला मुळात बोलणंच कमी जमायचं. तिच्याबद्दल त्याला नीट सांगता येईल अशी एकच गोष्ट होती. ती गावातल्या भावनाच्या आवणीची, म्हणजे भातलावणीची.

टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून थोडं आत त्यांचं गाव. भावनाचा नवरा कमळू ट्रकवर ड्रायव्हर होता. खंगत खंगत दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात गेला. आजाराचं नाव गावभर झालं होतं, पण तोंडाने कुणी घेत नसे. 'ती बिमारी' म्हणत.

भावनाला कुणी वाईट बोललं, असंही नाही. फक्त ती बोअरिंगवर आली की बाकीच्या बायका आपले हंडे उचलून बाजूला होत. तिचं पाणी भरून झालं की हापशाचा दांडा धूत आणि मग आपलं भरत. उपकेंद्रातली नर्स घरोघर सांगून गेली, की शिवल्याने, एकत्र जेवल्याने काही होत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, तिला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी दांडा पुन्हा धुतला.

मग आवणीचे दिवस आले. भाताची रोपं राबातून, म्हणजे वाफ्यातून, उपटून चिखलात लावायची, हे काम एकट्या घराचं नव्हे. त्यासाठी गावात सावड चालते. बायकांची टोळी आज एकीच्या शेतात, उद्या दुसरीच्या. मजुरी नाही, ज्या घरची आवणी त्या घरचं दुपारचं जेवण. सावडीचा नेम एवढाच, की जी बाई तुमच्या शेतात वाकली, तिच्या शेतात तुम्ही वाकायचं. तो कुणी मोडत नाही.

त्या वर्षी टोळीने भावनाला बोलावलंच नाही. म्हणजे तिच्याकडेही कुणी जाणार नव्हतं.

राघोचं खाचर भावनाच्या खाचराच्या खालीच. तिच्या राबातलं रोप वाढून पिवळं पडू लागलेलं त्याला रोज दिसे. रोप जून झालं की लावून उपयोग नाही. भात गेलं, की भावना दोन्ही मुलींची शाळा सोडवून भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जाणार, हे ठरल्यासारखंच होतं. मुकादम येऊन गेला होता. आणि एकदा गेलेल्या बाईला हे गाव परत जवळ करील, असं राघोला वाटत नव्हतं.

त्याने बायकोशी, सुंदराशी, विषय काढून पाहिला. ती म्हणाली, मला दोन नातवंडं हायेत. मग एका संध्याकाळी बांधावर सकुबाई भेटली तेव्हा त्याने धीर केला. बायका तुझं ऐकतात, म्हणाला, एक दिवस सगळ्यांना भावनाकडे ने.

सकुबाई चिखलाचे पाय धूत होती. तिने नाही म्हटलं. "दयेनं गेल्या तर उद्या तिच्या तोंडावर बोलून दाखवतील. आणि पुढच्या साली काय?"

राघो घराकडे वळला. आपण उगाच बोललो, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो बैल घेऊन भावनाच्या दारावरून जात होता, तर सकुबाई तिच्या पडवीत उभी.

"भावना, उद्या माझी आवणी हाय. एक बाई कमी पडतेय. येशील का गो?"

भावनाने हातातला हंडा खाली ठेवला. मग म्हणाली, "मी आली तर बाकीच्या येतील का काकी?"

"नाय आल्या तर आपण दोघी लावू. आणि घरून भाकर आणू नको. माझ्याकडं जेवायचं."

सकाळी टोळी आली, भावनाला खाचरात पाहून बांधावरच थबकली. दोघी पोट दुखतं म्हणून घरी गेल्या. बाकीच्या उतरल्या, पण भावना आणि त्यांच्यामध्ये ओळीत हातभर जागा सुटली. सकुबाईने ती पाहिली आणि स्वतः त्या जागेत येऊन वाकली. पलीकडे राघो चिखलणी करत होता. त्याचं औत दोनदा वाकडं गेलं.

दुपारी बांधावर टोपली उघडली. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण. सकुबाईने टोपली भावनाच्या पुढ्यात ठेवली आणि वाढ म्हणाली. पहिली भाकर तिच्या हातून स्वतः घेतली, मोडली, खाऊ लागली. नंतर सुंदराची पाळी होती. सुंदराचा हात मांडीवरून उठेना.

"घे की," सकुबाई घास चावत म्हणाली, "इतकी वर्षं राघोनं केलेला चहा पितेस, तरी जित्ती हायेस ना?"

आधी एक बाई फिसकन हसली, मग सगळ्याच. राघोचा चहा कसा होतो, ते गावाला माहीत होतं. हसता हसता सुंदराने हात पुढे केला. भावनाने तिच्या हातावर भाकर ठेवली. सुंदरा खाली बघून जेवली, पण जेवली.

दुसऱ्या दिवशी टोळी राघोच्या शेतात होती. भावनाही आली. रात्री चुलीपाशी सुंदरा कुरकुरली, की तिचा हात आपल्या शेताला लागला, आता तिच्या शेतात जायलाच पाहिजे. तेव्हा कुठे राघोच्या ध्यानात आलं, की सकुबाई भावनाच्या दारात मदत द्यायला नव्हे, मागायला का गेली होती.

टोळी उतरली आणि भावनाचं खाचर उशिरा का होईना लागलं. राघोने सांगायची वाट न पाहता तिथे औत धरलं. भात त्या साली पातळच झालं, पण झालं. मुकादम पुन्हा आला, तर भावना त्याला म्हणाली, सावडीत नाव हाय, जाता येत नाय. हापशाचा दांडा पुढेही कुणीकुणी धूत राहिलं. मग तेही कधी थांबलं, कुणाच्या लक्षात आलं नाही.

सकुबाईने हे कशासाठी केलं, ते राघोने कधी विचारलं नाही. दोनदा ओठांवर आलं होतं.

पाच-सहा वर्षांनी तिचे गुडघे गेले. त्या पावसाळ्यात ती चिखलात उतरली नाही. पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची. आवणी संपायच्या आतच ती गेली. त्याच्या दोन दिवस आधी राघो खांद्यावर औत घेऊन निघाला होता.

"आज कुणाकडं रे?"

"भावनाकडं."

"पाणी हाय ना खाचरात?"

"हाय."

"मग जा. बायका खोळंबल्या असतील."