स्वभावाने गरीब

न्यूझीलंडमध्ये, ईस्ट टामाकीच्या फ्रोझन भाज्यांच्या फॅक्टरीत माझ्याबरोबर नगरकडची एक ताई होती. नव्या शतकाची पहिलीच वर्षं. तिथं मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे डबा एकत्र. ती तीन पिढ्यांची ख्रिस्ती. "रविवारी देवळात जाते," म्हणाली तेव्हा मी भाबडेपणानं विचारलं होतं, कुठल्या देवाच्या? पोट धरून हसली होती; त्यांच्याकडे चर्चलाच देऊळ म्हणतात.

एकदा स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, सुपरवायझरनं सगळ्यांसमोर तिच्यावर ठपका ठेवला: कोल्डरूमचं दार हिनं उघडं टाकलं, माल नासला. दार त्यानंच उघडं टाकलं होतं. ताईनं स्वतः पाहिलं होतं. मॅनेजरचं बोलावणं आलं. नोकरी गेली की व्हिसाही जाणार होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं ताई, तू बोलत का नाहीस?"

"बोलणार आहे. आधी त्याला माफ तर करू दे. येशूनं सांगितलंय म्हणून नुसतं तोंडानं नाही, मनापासून. नाहीतर मी खरं बोलायला जाईन आणि सूडच उगवून येईन."

मला हे काही झेपलं नाही. रागाचा एवढा चांगला मोका कोण वाया घालवतं!

तिकडे अशा मीटिंगला सोबत कुणाला तरी नेता येतं. तिनं मला नेलं. मॅनेजरनं तोंड उघडायच्या आत मी उभी राहिले आणि 'ही स्वभावानं अगदी गरीब आहे हो' हे तावातावानं इंग्रजीत ओतलं: "शी इज व्हेरी, व्हेरी पुअर!"

मॅनेजर गोंधळला. म्हणाला, पगाराचा विषय आज नाही.

ताईनं मला कार्डिगनला धरून खाली बसवलं. "शी मीन्स मीक," म्हणजे सौम्य, असं ती म्हणाली. मग समोर बसलेल्या सुपरवायझरकडे वळून तिच्या सावकाश इंग्रजीत तिनं सांगितलं, "मी तुला माफ केलंय. पण दार मी उघडं टाकलं, असं मी म्हणणार नाही. कुणी टाकलं ते तुला माहीत आहे."

आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. तो कानापर्यंत लाल झाला.

"इट वॉज मी," तो म्हणाला. "सॉरी."

मी टाळ्याच वाजवणार होते! मॅनेजर सुटकेनं म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे 'मस्त, मिटलं', आणि उठला. ताई उठली नाही.

"आरोप स्मोकोला झाला. सॉरीसुद्धा स्मोकोलाच होऊ दे."

"पण तू तर त्याला माफ केलंस ना?" मॅनेजरनं विचारलं.

"केलं. म्हणून तर त्याला काढू नका, असं सांगतेय. पण माझं नाव सगळ्यांसमोर खराब झालं, ते सगळ्यांसमोरच साफ व्हायला हवं."

मला तर नाचावंसं वाटत होतं. माफी आणि न्याय एकाच बाईच्या तोंडून, एकाच दमात!

स्मोकोला तो उभा राहिला आणि सगळं खरं बोलला. मग हातात कप घेऊन तो बसायला जागा शोधू लागला. एकाही टेबलावरचं कुणी हललं नाही. मला मनापासून आनंद झाला.

ताईनं बाकावरची माझी पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

"सरक जरा," ती म्हणाली.

मला मुळीच सरकायचं नव्हतं. सरकले.